अर्धा पेला

त्या दुष्काळात गाईम्हशींचं दूध आटलं होतं, म्हणून आमच्या सहकारी दूध संघाचा टँकर पाणी वाहायचा. नाताळच्या जेवणासाठी तो टँकर घेऊन मी गेवराईकडच्या एका चर्चमध्ये गेलो आणि हौसेनं वाढायलाही लागलो. पंगतीत लहान मुलं आणि अपंग पाहुणे होते.

टोकाला उमापूरहून आलेला एक आंधळा म्हातारा होता. पेला दोन्ही हातांनी उचलून, ओठ न लावता, तो वरून बारीक धार घशात सोडायचा. एक थेंबही सदऱ्यावर पडत नव्हता. अर्ध्यावर थांबून त्यानं पेला चाचपत खाली ठेवला आणि त्यावर वाटी झाकली.

पाहुण्याला ताजं पाणी द्यावं, एवढाच माझा शहाणपणा. वाटी काढून मी पेल्यातलं पाणी मागं फेकलं.

त्यानं मान वळवली. "झाडाला घातलं का वो, दादा?"

"हो," मी म्हणालो.

"बरं केलं. म्या तोंड लावलं नवतं. म्हनलं, राहिलेलं एखांद्या लेकराला व्हईल."

मागं झाड नव्हतंच. पाणी फरशीवर आपटलं होतं आणि तो आवाज पंगतीत सगळ्यात आधी त्यालाच कळला असणार.

मी घाईनं पाण्याचा जग पुढं केला. तिखट रश्शानं त्याच्या कपाळावर घाम आला होता. तरी त्यानं रिकाम्या पेल्यावर तळहात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. मला तहान न्हाई."