पुलावरचा विसावा

मंडळी, आत्ताच भवानी पेठेत घरी पोचलोय. समोर ताट आहे, पण आधी हे लिहितोय.

आज तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, घेऊन उजनीच्या पाण्यात गेलेलं आमचं जुनं गाव बघायला गेलो होतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथं एक बेट वर येतं आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतं. त्या बेटावर ओढ्याचा दगडी कमानीचा पूल अजून उभा आहे. होडीतून उतरलो आणि फोटोसाठी कठड्याजवळच्या सपाट दगडावर ऐटीत बसलो.

तात्या खेकसले, “ऊठ की! विसाव्याचा दगड हाय त्यो.”

गावातली प्रत्येक तिरडी मसणवट्यात नेताना त्या दगडापाशी टेकवायचे आणि खांदा बदलायचे. पणजोबा, आजोबा, सगळे तिथं टेकले. ‘इंग्रजांच्या काळातला पूल’ एवढाच इतिहास मी आजवर मिरवत होतो.

आजी मात्र गाव सुटल्यावर गेली. तिला तो विसावा मिळाला नाही.

निघताना तात्या दगडावरचा वाळका गाळ हातानं पुसत म्हणाले, “मी उन्हाळ्यात गेलो तर हितं टेकवा. पावसाळ्यात गेलो तर ऱ्हाऊ द्या.”

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?