बिनआवाजाची गाडी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी तपासणीच्या कामाला आहे. भट्ट्या पुढच्या बाजूला आणि आमची पॅकिंगची शेड पार मागे. ओतून तयार झालेली कास्टिंग तिथं यायची, कुठं चीर किंवा भोक नाही ना ते मी बघायची आणि पॅकिंगच्या मावशी ती लाकडी पेट्यांत भरून घ्यायच्या. पेट्या उचलून ट्रकात ठेवायला जुनी डिझेलची फोर्कलिफ्ट होती. ती चालवणारे गृहस्थ गडहिंग्लजच्याही खालचे, कर्नाटकच्या हद्दीजवळचे. घरात कन्नड बोलायचे. अख्खी शेड त्यांना अण्णा म्हणायची.

पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात माझा गर्भ पडला. डॉक्टरीण म्हणाली, होतं असं, नेमकं कारण सांगता येत नाही. पण मला कारण हवं होतं. संध्याकाळी घरी कसबा बावड्याला पोचले की केसांना त्या गाडीच्या धुराचा वास यायचा, डोकं ठणकायचं. हेच ते, असं मी मनाशी धरून बसले. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर नवरा म्हणाला असता, सोड नोकरी. आणि नोकरी मला सोडायची नव्हती.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मात्र भीतीनं माझा ताबाच घेतला. अण्णांची गाडी आत आली की मी ओढणी नाकाला लावून भिंतीकडे तोंड करायची. श्वास रोखून धरायची. मग वाटायचं, आपण श्वास रोखला तर पोटातल्याला तो कुठून मिळणार? की पुन्हा घाईघाईनं श्वास घ्यायची, आणि नेमका तेव्हाच धूर छातीत जायचा.

पावसाच्या झडीत एकदा शटर खाली ओढलेलं होतं, पेट्या भिजू नयेत म्हणून. माल तातडीचा होता, त्यामुळं गाडी आतल्या आतच फिरत होती. मावशी खिळे ठोकता ठोकता थांबल्या. "डोळ्यांपुढं अंधारी येतीया गं," म्हणाल्या आणि पेटीला टेकून बसल्या. मग ओकल्या, आणि तशाच एका बाजूला कलंडल्या. मी हाक मारायच्या आतच अण्णांनी गाडी बंद केली, धावत जाऊन शटर वर ढकललं आणि मावशींना उचलून बाहेर पावसात नेलं. मीही मागोमाग गेले आणि पोटावर दोन्ही हात धरून उभी राहिले.

मावशी वाचल्या. दवाखान्यात सांगितलं, धुरातला विषारी वायू रक्तात गेलाय, अजून थोडा वेळ आत राहिल्या असत्या तर अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. सासूबाईंनाही अजून सांगितलं नव्हतं, ते मालकांना सांगितलं. "मला दिवस आहेत. पहिलं गेलं. त्या गाडीपाशी आता मी उभी राहू शकत नाही, साहेब. उद्या मावशींच्या जागी मी असेन."

मालकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शटर आजपासून उघडं राहील. पेट्या भिजल्या तर भिजू देत. आणि बॅटरीची गाडी मी मागवतो."

ती यायला थोडे दिवस गेले. आली तेव्हा अण्णाच सगळ्यांत जास्त घाबरले होते. "आवाजच न्हाय वो हिला," ते म्हणाले. "चालू हाय का बंद तेबी कळंना." जेवणाच्या सुट्टीत ती चार्जिंगला लावायची, मग संध्याकाळपर्यंत बघायला नको. शेडमध्ये पहिल्यांदाच लाकडाचा वास येऊ लागला. माझं डोकं ठणकायचं थांबलं. अण्णा एकदा म्हणाले, जुन्या गाडीच्या हादऱ्यानं पाठ धरायची, रात्री कूस बदलता यायची नाही, आता झोप लागते.

आणि तरीही माझी भीती गेली नाही. तिनं जागा बदलली. जुनी गाडी शेडच्या पार टोकाला असली तरी आवाजावरून मला कळायची. ही कुठं आहे हे वळून बघितल्याशिवाय कळत नव्हतं. मी सारखी वळून बघायची.

सहाव्या महिन्यात एका दुपारी मात्र वाकून पेटीवरचा नंबर वाचत होते आणि तेवढं विसरले. सरळ होऊन वळले, तर गाडीची पेट्या उचलायची दोन लोखंडी पाती माझ्या पोटासमोर. हात लांब केला असता तर बोटं टेकली असती. गाडी थांबलेली होती.

अण्णा खाली उतरले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "पेटीच्या आड दिसलाच न्हाईसा. दिसलासा तसा नुसता रेसवरनं पाय उचलला, ब्रेकवर जायच्या आधीच ही बॅटरीची गाडी आपसूक थांबली. जुनी असती तर..." किल्ली त्यांनी पेटीवर ठेवली. "ताई, म्या न्हाय चालवत आता. दुसरं काम द्या म्हणून सांगतो साहेबास्नी."

मी जमिनीवरच बसले. बाळ हलतंय का, तेवढंच मी बघत होते. बऱ्याच वेळानं ते हललं. मग मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही नाही तर दुसरा कुणीतरी येईल. त्याला मी ओळखत नाही. मला त्याची जास्त भीती वाटेल."

अण्णांनी किल्ली उचलली नाही. पण मालकांकडे आम्ही दोघं मिळून गेलो. गाडीच्या पुढं जमिनीवर निळा उजेड पाडणारा दिवा बसवून घेतला, मागं घेताना वाजणारा भोंगा बसवला. चालायची वाट पिवळ्या पट्ट्यांनी आखून घेतली. ते सगळं होईपर्यंत अण्णांनी गाडीला हात लावला नाही. त्यानंतर कोपरा आला, की दिवा असूनही ते थांबायचे आणि "हाय का कोण?" म्हणून मोठ्यानं विचारायचे. बाकीचे हसायचे. मी दर वेळी ओ द्यायची.

मुलगी झाली तेव्हा ती लगेच रडली नाही. नर्सनं तिला पालथं धरून पाठ चोळली, आणि ते सरता न सरणारे क्षण मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही. मग ती रडली.

बारशाला मावशी आल्या, अण्णा वहिनींना घेऊन आले. वहिनींना मराठी फारसं येत नव्हतं. त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत तिच्या कपाळावरून हात फिरवला. अण्णा दारातच उभे होते. आत या म्हटलं तर म्हणाले, "असू दे की. हितनं दिसतीया."