मामांच्या पायाला हात न लावता

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात, पण भंडाऱ्याकडे भाचा-भाची म्हणजे देवाच्या खालोखाल. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून माझे मामा सणावाराला वाकून माझ्या पायांना हात लावायचे आणि मी पळून जायचे. मला ते कधीच आवडलं नाही. आई लवकर गेली आणि अड्याळजवळच्या गावात मामांनीच मला वाढवलं. ज्याने वाढवलं त्याने आपल्या पाया पडायचं आणि आपण मात्र त्याच्या पायाला बोटही लावायचं नाही, हा कुठला न्याय?

गेल्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत मामा बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे भातखाचराच्या बांधावरून, घसरले आणि त्यांच्या पायाच्या नळीचं हाड मोडलं. प्लास्टर मांडीपर्यंत होतं. मामी आता नाहीत, मूलबाळ झालं नाही, म्हणून प्लास्टर काढल्यावर मी त्यांना साकोलीला माझ्या घरी आणलं. हायवेवर आमचं जनरल स्टोअर्स आहे. नवरा माल आणतो आणि मी दिवसभर काउंटरमागे उभी असते.

प्लास्टरमधून निघालेला पाय पाहून मला रडूच आलं. वाळल्या शेवग्याच्या शेंगेसारखा, कातडीचे पापुद्रे सुटलेला, गुडघ्यात ताठ. डॉक्टर म्हणाले, रोज कोमट तेलाने मालिश करा आणि पाय थोडा थोडा वाकवत जा, नाहीतर असाच राहील. तसाच राहिला असता तर मामांचं धान रोवण्याला चिखलात उतरणं संपलं असतं, आणि ते संपलं तर मामांचं काय उरलं असतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी तेलाची वाटी घेऊन बसले. मामांनी पाय हाताने उचलून बाजूला घेतला.

"पाप लावतं का मले? भाचीच्या हातून पाय चोळून घेऊ?"

नवरा पुढे झाला तर आणखीच गहजब. "जवाई? राम राम! मेल्यावर तोंड काय दाखवू?" मालिश करणारा माणूस बोलावते म्हटलं, तर म्हणाले, "पैसे देऊन पाय दाबून घ्यायले मी का जमीनदार हावो?" आणि स्वतःचा हात तर गुडघ्याच्या खाली पोहोचत नव्हता. भरल्या घरात तो एक पाय अनाथ होऊन बसला. माझं डोकं फिरलं. "मग राहा लंगडे," असं म्हणून मी दुकानात निघून गेले आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिले.

त्याच दुपारी मोबाइलवर मालिशच्या मेणबत्तीचा व्हिडिओ दिसला. तेल आणि थोडं मेण एकत्र वितळवून भांड्यात ओतायचं आणि मधे वात ठेवायची. पेटवली की वरचा थर कोमट तेल होतो. ज्योत बंद करून ते तेल अंगावर ओतायचं. व्हिडिओतल्या बाईला गुलाबाच्या पाकळ्या नि मंद संगीत फार आवडत होतं. मला त्यात एकच गोष्ट दिसली, तेल वरून ओतता येत होतं. हात लावायचं कारणच नव्हतं.

मोहाच्या बियांना आम्ही टोरी म्हणतो. टोरीचं तेल थंडीत आपोआप तुपासारखं थिजतं आणि फुटलेल्या कातडीला त्याच्यासारखं दुसरं औषध नाही. नाकाडोंगरीकडच्या एका ओळखीच्या बाईकडून ते मागवलं, फडक्यातून दोनदा गाळलं आणि त्यात मधाच्या पोळ्याचं मेण घातलं. दुकानातल्या मेणबत्त्या वितळवल्या नाहीत, कारण ते मेण वितळलेलं अंगावर पडलं तर फोड येतो. पहिल्या खेपेला पोळ्याचं मेणही जास्त झालं आणि माझ्या हातावर पांढरा पापुद्रा बसला. दुसऱ्या खेपेला मी अस्सल भंडाऱ्याची लेक शोभले. पितळ आमच्या जिल्ह्याची शान, म्हणून लखलखीत पितळी वाटीत मिश्रण ओतलं, आणि आठवडाभरात कडेने हिरवी झाक आली. ते सगळं फेकून दिलं. शेवटी बाळाला दूध पाजायचं चोचीचं स्टीलचं बोंडलं सापडलं. वात मेणात बुडवून ताठ केली, म्हणजे काजळी कमी धरते. अत्तर घातलं नाही. मामांच्या कोरड्या कातडीला खाज सुटली असती तर तेही माझ्याच माथी आलं असतं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून रात्रभर ठेवलं, काही झालं नाही. उरलेलं स्वतःच्या टाचांना लावावं असं मनात आलं, पण दुकान उघडायची वेळ झाली होती.

मामांपुढे पाटावर बोंडलं ठेवून मी वात पेटवली. त्यांनी आधी हात जोडले, मग त्यांना माझा बेत कळला.

"दिव्यातलं तेल पायाले? येडी झाली का तू?"

"देवापुढे लावलेला नाही मामा. ही मेणबत्ती आहे."

"जळते ना? मंग दिवाच."

"मोहाचं तेल आहे. तुमच्या जंगलातलं. मी हात लावणार नाही, वरून फक्त धार सोडते."

त्यांनी पाय हाताने उचलून पुढे केला. मी विझवायला वाकले तशी त्यांनी बोट उगारलं, "फुकू नोको." फुंकर मारून दिवा घालवत नाहीत, हे मलाही माहीत होतं, घाईत विसरले. मी वर झाकण ठेवलं. थोडं थांबून झाकण काढलं, एक थेंब आधी माझ्या मनगटावर घेऊन बघितला आणि मग गुडघ्यापासून खाली बारीक धार सोडली. मामांनी डोळे मिटले. गुडघ्यापर्यंत त्यांनी हाताने चोळलं आणि त्याखाली दुसऱ्या पायाच्या तळव्याने. एक म्हातारा पाय दुसऱ्या म्हाताऱ्या पायाची सेवा करत होता आणि मी बोंडलं धरून पुजाऱ्यासारखी उभी होते. हसू येत होतं आणि राग पण. एवढ्या जवळ बसून मला हातच लावता येत नव्हता.

रोज दुकान उघडण्याआधी आमचा हा कार्यक्रम चाले. हात हळूहळू पोटरीपर्यंत पोहोचायला लागला. "आज खाली गेला," एवढंच ते सांगत आणि मी "बरं" म्हणत असे. एका सकाळी बोटं घोट्याला टेकली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं बांधीत पाणी आल्यावर पाहतात. मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ते गावी जायला निघाले. पिशवी भरली, बसची वेळ झाली आणि मामा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. काय होणार हे मला कळलं. लहानपणापासूनच्या सवयीने मी एक पाय मागे घेतला, पण मग तो जागीच ठेवला. पडल्यापासून ते पहिल्यांदाच एवढे वाकत होते. गुडघा कुरकुरला, थांबला, पुन्हा वाकला. मी भिंत धरली. मामा खाली पोहोचले आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझी पावलं धरली.

पण नेहमीसारखं लगेच उठले नाहीत. अंगठा माझ्या टाचेवरून फिरवत राहिले.

"किती भेगा पडल्या माय तुले. दिवसभर उभी रायतं ना." मग मान वर न करता त्यांनी हात पुढे केला. "शिल्लक हाये का त्याच्यात? आन इकडं. पेटव."

"बस जाईल ना मामा."

"जाऊ दे. दुसरी येते."

मी बोंडलं आणलं आणि वात पेटवली. भाचीच्या पायाला हात लावायला मामाला कुणाची मनाई नव्हती.