चार स्पीकर, आठ ओहम

दुपारचं जेवण झालंय. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत एस्तेरच्या गिटारचा कॅबिनेट माझ्यासमोर आडवा पडलाय, मागची फळी काढलेली. आत चार स्पीकर, प्रत्येकी आठ ओहमचे. तिच्या अँपलाही आठच ओहमचा भार चालतो. त्याच्या फार खाली गेलं की अँप जळतो. वर्षानुवर्षं हेच काम करतेय मी. तरी तासभर झाला, हात पुढे जात नाही.

सकाळी कॅबिनेट टेकवताना एस्तेर म्हणाली, "आत्या, पप्पांच्या हातून झालं तसं व्हायला नको, म्हणून तुझ्याकडे आणलाय."

तिचे पप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ, शांतवन. त्याला जाऊन चार वर्षं झाली. त्याआधी दोन वर्षं, जालन्यात आमच्या चर्चच्या शताब्दीला, तिसऱ्या गाण्याला त्याचा अँप जळला. भरल्या चर्चमध्ये गिटार मुकी झाली. दादा माईकवर म्हणाला, "माझ्या हातून चूक झाली, माफ करा." त्यानंतर बँडवाले त्याच्याकडे दुरुस्तीचं काम आणेनासे झाले.

त्या दिवशी त्याच्या कॅबिनेटच्या वायरी मी जोडल्या होत्या. घाईत, चारही स्पीकर पॅरललमध्ये, म्हणजे आठाऐवजी दोनच ओहम. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी कॅबिनेटच्या कडेला डोकं टेकते. पत्रा उन्हाने तडतडतोय. मग तडतड लांब जाते, आणि डोळे मिटलेत की उघडे, हे मला नीट कळत नाही.

"सुवी, सरक जरा. उजेड अडवतेस."

दादा समोर मांडी घालून बसलाय. अंगात निळा स्वेटर, एवढ्या उन्हात. तो गेलाय हे मला माहीत आहे. त्यालाही माहीत असावं, पण आम्ही दोघंही तो विषय काढत नाही.

"कसे जोडणार?" तो विचारतो.

"दोन-दोन सिरीजमध्ये. सोळा आणि सोळा. मग त्या दोन जोड्या पॅरलल."

"म्हणजे किती?"

"आठ."

"येतं की तुला."

मी वायर उचलायला वाकते. मान वर करते तर आम्ही चर्चमध्ये आहोत. सगळे बाक दाराकडे तोंड करून ठेवलेत. वेदीच्या पायरीवर अँप आहे आणि त्यातून धूर निघतोय, पण जळल्याचा वास नाही. दादा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

"तेव्हाही येत होतं मला," मी म्हणते. "दादा, त्या दिवशी..."

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटर लावला," तो म्हणतो. "दीड दाखवत होता. मीटर थोडं कमीच दाखवतो, पण बरोबर जोडलं असतं तर सहा-साडेसहा दिसायला हवा होता. तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"वाट बघत होतो. तू सांगशील म्हणून."

बाक आता पलंग झालाय. शेवटी दादा होता त्या सरकारी दवाखान्यातला, लोखंडी, पायाशी नंबर लिहिलेला. दादा त्यावर उशीला टेकून बसलाय आणि माझ्या हातात डबा आहे. चर्चची उंच खिडकी मात्र तशीच आहे.

"रोज डबा आणायचीस," तो म्हणतो. "तू झाकण काढायला लागलीस की वाटायचं, आज बोलेल. मग तू भाजीत मीठ बरोबर आहे का, ते विचारायचीस."

मी डब्याचं झाकण घट्ट दाबते आणि विचारते, "रागावलायस?"

"होतो. अँपचं नाही गं. अँप दुसरा बांधता येतो." तो खिडकीकडे बघतो. "एस्तेरला वाटतं, तिच्या बापाला चार वायरी जोडता आल्या नाहीत. ते तेवढं राहिलंय."

मी रडतेय. दादा मला समजावत नाही. पलंगावरच्या चादरीतून तो लाल वायरीचं टोक काढतो आणि माझ्यापुढे धरतो.

"सोल."

"थांब, पक्कड आणते."

"दाताने सोल. मी सोलायचो तशी. माझ्यावर ओरडायचीस ना त्यावरून?"

मी वायर दातांत धरते. तांब्याची चव जिभेवर येते. मी ओढते...

"आत्या! अगं आत्या, किती हाका मारल्या!"

दारात एस्तेर उभी आहे. ऊन उंबऱ्यापर्यंत सरकलंय. कॅबिनेट अजून उघडाच, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही येण्याआधी मी बोलून टाकते.

"एस्तेर, शताब्दीला तो अँप माझ्यामुळे जळला. वायरी मी जोडल्या होत्या. तुझ्या पप्पांनी माझी चूक स्वतःवर घेतली. मी शेवटपर्यंत गप्प बसले."

ती माझ्याकडे बघत राहते. खांद्यावरची गिटार उतरवून भिंतीशी ठेवते. तिचा आवाज बदललाय.

"पप्पांना माहीत होतं?"

"हो."

मला वाटतं, आता ही वळेल आणि निघून जाईल. पण ती जवळ येते, गुडघ्यावर बसते, डोळे पुसते, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत थबकते. हात पुढे करून माझ्या ओठाला चिकटलेलं काहीतरी ती नखाने काढते आणि माझ्या तळहातावर ठेवते.

लाल प्लास्टिकची बारीक नळी. तिच्यावर दातांचे व्रण आहेत.