घंगाळातले देव आणि कॅनडातला वणवा

माझी भक्ती मुळातच भांडकुदळ. देवाला हात जोडतानाही मी जाब विचारल्यासारखी उभी राहते, असं हे म्हणत. ते जयपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. साठ सालानंतरची गोष्ट. आमचा एकुलता एक मुलगा वनविद्या शिकायला कॅनडाला गेला होता आणि उन्हाळी सुट्टीत जंगलातली आग विझवणाऱ्या तुकडीत काम करत होता. त्यानं लिहिलं होतं, "आई, इथे पावसाशिवाय नुसती कोरडी वीज पडली तरी वणवा लागतो, आणि कुणी शेकोटी नीट विझवली नाही तरीही. आग जमिनीखाली मुळांतून धुमसत राहते आणि भलतीकडेच वर येते."

त्यानंतर महिनाभर पत्र नाही. एके दिवशी ह्यांनी पेपरात वाचलं की त्याच भागात मोठा वणवा पेटलाय, गावंच्या गावं हलवलीत, धुरानं भरदुपारी दिवे लावावे लागतायत. मी सरळ देव्हाऱ्यातले देव उचलले आणि घंगाळात पाण्यात घातले. आमच्याकडे साताऱ्याला संकटात देव पाण्यात घालतात आणि काम झाल्यावरच बाहेर काढतात. पण जयपूरचा जेठ महिना तो! दुपारी पाणी इतकं तापायचं की बोट घालवेना. मी दिवसातून चारदा पाणी बदलायची. हे एकदा म्हणाले, "अगं, त्याला आगीतून सोडवायला देवांना का उकडतेस?" मी त्यांच्यावर तोंड टाकलं आणि मग मोरीत जाऊन रडले. कारण मलाही तेच वाटत होतं. मी विनवत होते की धमकावत होते, कळेना. देव बाहेर काढावे तर पोराचं काही बरंवाईट होईल, ही धास्ती.

अकराव्या दिवशी सकाळी चारदीवारीत, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरात, गोविंददेवजींच्या दर्शनाला गेले. खांबाशी बसून रडत होते, तेव्हा शेजारच्या एका पगडीवाल्या म्हाताऱ्यानं कारण विचारलं. माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. तो सरिस्केकडच्या जंगलात जन्मभर राखणदार होता. म्हणाला, "बाईसा, हम आग के आगे की घास खुद जला देते थे। आग आती, कुछ न पाती, बुझ जाती। पर हवा किधर घूमेगी, वो हमारे हाथ में कब था? अपनी लकीर जलाकर बैठ जाते थे।" त्याचा एक हात कोपरापर्यंत भाजलेला होता. त्यानं प्रसादातला अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि तो उठून गेला. पुढे कितीदा तरी त्या वेळेला तिथे गेले, पण तो दिसला नाही.

घरी आले, देव बाहेर काढले, पुसले, जागेवर बसवले. काही बातमी आलेली नसताना. त्या रात्री झोप लागली.

आठवड्यानं पत्र आलं. पोर सुखरूप होता! ऐन वणव्याच्या दिवशी त्याला ताप भरला म्हणून त्याच्या जागी वर्गातला दुसरा मुलगा गेला. वारा फिरला. तो मुलगा परत आला नाही. पत्रावरची तारीख पाहिली, तर मी देव पाण्यात घालण्याच्या चार दिवस आधीची. म्हणजे पोर वाचला तेव्हा मी देवाकडे काही मागितलंही नव्हतं. मग दिलं कुणी, कशाबद्दल? आणि त्या दुसऱ्या आईनं काय कमी मागितलं असेल?

मी त्या माउलीला पत्र लिहिलं, ह्यांनी त्याचं इंग्रजी केलं. शेजारणींना, नातेवाइकांना मी बिनदिक्कत सांगत होते की माझा मुलगा देवानं वाचवला. पण तिला लिहिताना ते वाक्य हातून उतरेना. शेवटी फक्त लिहिलं, "तुमच्या मुलाचं नाव मी रोज घेते."

आजही घेते. आधी त्याचं, मग माझ्या मुलाचं. देवाला नमस्कार करते, आभार मानते. त्याला जाब विचारणं मात्र तेव्हापासून सुटलं. मला काही उमगलं म्हणून नाही. त्यानं उत्तर दिलं, तर ते ऐकणं मला सोसणार नाही म्हणून.