ढाणकीला न जायची कारणं

सरकारी नोकरीत यवतमाळला बदली झाली की माणसाचं तोंड कसं होतं, ते मी टेबलाच्या अलीकडून आयुष्यभर पाहत आले आहे. नवीन साहेब येतात आणि बॅग पुरती उघडायच्या आधीच परत जायच्या खटपटीला लागतात. 'फॅमिली पुण्यालाच ठेवलीय' असं सांगताना त्यांचा सूर असा असतो, जणू आम्ही आमची फॅमिली इथं ठेवून काही गुन्हाच केलाय. देशात कुठल्या भागात जायला लोकांना नको वाटतं असं कोणी विचारलं, तर आमचा जिल्हा वरच्या नंबरात येईल. बातम्यांत आमचं नाव कशापायी येतं ते मी सांगायला नको.

याचा मला मनापासून राग येतो. माझा सख्खा मोठा भाऊ पुण्यात असतो. वहिनीला आमच्याकडे ये म्हटलं की ती "तिकडं ऊन फार ना" म्हणते, आणि हे ती डिसेंबरातही म्हणते. भाऊ तर लोकांना "आम्ही नागपूरजवळचे" असं सांगतो. नागपूर आमच्या किती जवळ आहे ते त्यानं एकदा एसटीत बसून पाहावं.

एवढा राग आधीच ओकून घेतला, कारण पुढचं सांगायला जड जातंय.

यंदा माझ्या मुलीची सोयरीक ढाणकीला जमली. ढाणकी आमच्याच जिल्ह्यात, पण अगदी टोकाला, उमरखेड तालुक्यात. मुलगा तिच्यासोबत यवतमाळात बी. फार्मला होता. त्याचं ढाणकीच्या बाजारात मेडिकल आहे आणि लग्नानंतर हिनंही तिथंच बसायचं, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलेलं. मुलगा चांगला, माणसं साधी, नाही म्हणायला जागाच नव्हती. मी हो म्हटलं, पण ढाणकी हा शब्द ऐकला की माझं तोंड त्या साहेबांसारखं व्हायचं. ऑफिसात कोणाला तिकडची ऑर्डर निघाली की आम्ही सगळे हळहळायचो, आणि रद्द झाली की तो पेढे वाटायचा. ते पेढे मीही खाल्लेत.

आमच्याकडे स्थळ पसंत पडलं की मुलीकडचे मुलाचं घर पाहायला जातात. नुसतं बैठकीत बसून परत येत नाहीत. पाणी कुठून येतं ते पाहतात, चुलीपासून मोरीपर्यंत फिरतात, शेजारणीशी दोन शब्द बोलतात, जेवतात आणि मग साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस धरतात. मुलाच्या आईचे फोन सुरू झाले. "ताई, घर पाहाले कवा येता?" मी ऑफिसातलं ऑडिट सांगितलं. मग यांचे गुडघे सांगितले. यांचे गुडघे ठणठणीत आहेत, रोज फिरायला जातात. मग रस्त्याचं काम, मग पाऊस. कारणं मला अशी भराभर सुचत होती की मीच चकित व्हायचे.

खरं कारण भाऊ-वहिनी होते. मामाला सोडून घर पाहायला जाता येत नाही, आणि या वेळी त्यानं येतो म्हणून कळवलेलं. वहिनी ढाणकीच्या बाजारात गाडीतून उतरणार, नाकाला रुमाल लावणार, आणि पुण्यात जाऊन 'भाचीला कुठं दिली ते पाहिलं आम्ही' म्हणून सांगत बसणार. हे मला सोसणारं नव्हतं.

शेवटी मी युक्ती काढली. साक्षगंध कळंबला करू, चिंतामणीच्या पायाशी, घर काय, पाहू सावकाश, असा निरोप दिला. देवाचं नाव घेतल्यावर कोण नाही म्हणणार? पण कळंब यवतमाळच्या पलीकडं, ढाणकीच्या अगदी उलट अंगाला. म्हणजे त्या लोकांनी अख्खा जिल्हा पार करून, आमच्या गावावरून पुढं यायचं.

मुलगी म्हणाली, "आई, त्यायले किती दूर पडते, समजते का तुले?"

"गाडी करतीन ते. एका दिवसाचं तं काम हाय," मी म्हणाले.



साक्षगंधाच्या दिवशी आम्ही पोचलो, तेव्हा ढाणकीची मंडळी आधीच येऊन बसली होती. घामेजलेली, पण हसतमुख. मुलाच्या आईनं गाडीतून डबे उतरवले. घर पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना जो स्वयंपाक करतात, तो सगळा तिनं भरून आणला होता. पुरणाच्या पोळ्या, वडे, कढी, तुपाची वेगळी बरणी. "तुम्ही नाही येऊ शकले, म्हणून मीच घेऊन आली," म्हणाली. वहिनीनं पोळी दुसऱ्यांदा मागून घेतली.

कार्य नीट पार पडलं. पानसुपारी झाल्यावर मी हात धुवायला नळावर गेले, तर मुलाची आई माझ्या मागोमाग आली. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाली, "विहीणबाई, एक विचारू का? राग नका मानजा."

"विचारा ना."

"घर न पाहता आमच्याकडे कोणी पोरगी देत नाही. आई तं नाहीच देत. माही जाऊ म्हणते, पोरीत काही खोट असन, म्हणून हे लोक घरी न येता उरकून राह्यले. तसं काही असन तं मले एकटीले सांगून टाका. दवापाणी करू. मी सांभाळून घेईन तिले."

तिकडं माझी लेक हिरव्या साडीत, मुलाच्या आजीशेजारी बसून हसत होती. माझ्या शहाणपणापायी तिच्या कपाळी खोट चिकटली होती, आणि तिला पत्ताही नव्हता. ऑडिट, गुडघे, रस्ता, सगळं पुन्हा माझ्या जिभेवर येऊन थांबलं. पण आता काहीही खोटं बोलले असते, तर तो संशय लेकीबरोबर त्या घरात नांदायला गेला असता.

"पोरीत काहीच नाही हो," मी म्हणाले. "मलेच तुमच्या गावी यायचं नव्हतं. भाऊ-भावजय पुण्याचे, त्यायले ढाणकी दाखवाची मले लाज वाटत होती."

मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं नळ बंद केला आणि पदरानं हात पुसले.

"तुमच्यानं एक दिवस येववलं नाही तिथं," ती म्हणाली, "पोरीले जलमभरासाठी कशी धाडता?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत थांबली होती.