आत्याला उभं राहायचं होतं

माझ्या आत्याला नातेवाईकांनी काळजी करून करून मारलं.

आज वर्ष झालं. आज बोलणारच. कोणाला राग आला तर येऊ द्या.

बीबी गावाजवळच्या शेतात कापूस वेचताना आत्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पडली. कमरेचं हाड चिरलं. पुढं एक्स-रे पाहून डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, "हाड जुळलं. आता वॉकर धरून रोज चालवा. झोपवून ठेवू नका."

ऐकलं कोणी?

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जायची पद्धत. बिस्किटचा पुडा घ्यायचा, खाटेजवळ बसायचं, हळहळायचं. आणि पेशंट उभा दिसला की पोरांची इज्जत गेली!

त्यात ते साल बोंडअळीचं. बीटी बियाणं लावूनही बोंडं किडकी. आत्याचा थोरला, आमचा दादा, म्हणाला, "माय फिरताना दिसली तं लोक म्हनतीन, पिकलं नाही म्हनून म्हातारीले कामाले लावलं."

झालं. आत्या खाटेवर.

जळगाव जामोदहून आलेल्या पाहुण्यांचंही तेच. "आराम करा आता. लय केलं जिंदगीभर."

वॉकरवर टॉवेल वाळायचे.

एकदा मी तिला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. अंतराळातून परतलेला धडधाकट माणूस, आणि चौघं त्याला उचलून बाहेर काढताहेत.

"याले काय झालं बाप्पा? पडला काय?"

"नाही व आत्या. तिथं वजनच लागत नाही. भार नाही पडला का हाडं ठिसूळ होतेत. म्हनून तिथं त्यायले पट्टे बांधून रोज पळवतेत."

आत्या दादाकडे वळली.

"मंग मले काऊन झोपवून ठेवलं बे?"

दादानं तिची उशी सरळ केली. बस्स.

डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन सडकेपर्यंत चालणारी बाई होती ती! कशाला खाटेवर ठिसूळ केली तुम्ही तिची हाडं? गावाला दाखवायला?

काही महिन्यांनी, सगळे शेतात गेलेले असताना, ती एकटीच उठली. मांडीचं हाड मोडलं. मग दवाखाना, पुन्हा खाट, छातीत कफ. संपलं.

आणि स्मशानात दादा मला म्हणतो, "पाह्य, म्हनून तं उठू देत नव्हतो."

तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. बंदच राहील.

खाली कोणी "आत्या, आता आराम कर" असं लिहू नका. सरळ ब्लॉक करीन.

आत्या, तुले मनापासून श्रद्धांजली व.